जुनी बोट, नवं इंजिन



साडेसात हजार डॉलरला घेतलेल्या बोटीत अकरा हजार डॉलरचं इंजिन बसवणारा माणूस शहाणा की वेडा? मागच्या लेखात मी बोटीचा ओझरता उल्लेख केला, तेव्हापासून हा प्रश्न मला निदान सहा जणांनी विचारलाय. त्यातल्या दोघांनी तर उत्तरही स्वतःच दिलं :-) म्हणून या वेळचा सगळा लेख त्याच विषयावर. ज्यांना बोटीत रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण जुन्या सिस्टीमचा एकच भाग बदलायला गेलं की काय होतं, हे आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या पोटापाण्याशी संबंधित आहे.

आधी थोडी ओळख. बोट म्हणजे पिअरसन ३०, शिडाची, १९७४ सालची, ऱ्होड आयलंडमध्ये बांधलेली. लांबी तीस फुटांना थोडी कमी, वजन ८,३२० पौंड. ती चेसापीक बेवर अ‍ॅनापोलिसच्या जवळ असते. तिचे आम्ही दोन मालक. निम्मा मी आणि निम्मे काका. काका पुण्यात डिझेल इंजिनांच्या कारखान्यात होते, नंतर मुलाच्या मागे इकडे आले. आता वय ७१. माझा त्यांचा रक्ताचा संबंध नाही, पण इथल्या मंडळात सगळेच त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही.

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असंही एकाने विचारलंय. कारण वारा आपल्या कॅलेंडरप्रमाणे वाहत नाही. ऑगस्टमध्ये चेसापीकवर दुपारभर पाणी आरशासारखं पडून असतं आणि संध्याकाळी पश्चिमेकडून ढग उठून तासाभरात वादळ येतं. बे ब्रिजजवळून बाल्टिमोरला जाणारी मालवाहू जहाजं तुमच्यासाठी थांबत नाहीत. आणि धक्क्याला लागताना दोन खांबांच्या मधल्या बारा फुटांच्या फटीत शिडावर शिरणं माझ्यासारख्याचं काम नव्हे. इंजिन ही चैन नाही, ब्रेकसारखी गोष्ट आहे.

आमच्या बोटीत मूळचं इंजिन होतं ते अ‍ॅटॉमिक फोर. नाव ऐकून घाबरू नका, अणूशी काही संबंध नाही. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या युनिव्हर्सल कंपनीने हे १९४७ मध्ये बाजारात आणलं, तेव्हा सगळ्याच गोष्टींना 'अ‍ॅटॉमिक' म्हणायची फॅशन होती. चार सिलिंडर, साधारण एक लिटर, पेट्रोलवर चालणारं, कागदावर ३० हॉर्सपॉवर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चाळीस हजारांच्या आसपास इंजिनं बनली. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन शिडाच्या बोटी उघडून बघा, बऱ्याच बोटींत हेच सापडतं. शांत चालतं, थरथर कमी, सुटे भाग आजही मिळतात. वाईट इंजिन अजिबात नाही.

मग बदलायचं कशाला? दोन कारणं.

पहिलं कारण पेट्रोल. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसलासुद्धा पेट घेईल इतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड. गाडीत गळती झाली तर वाफ खालून रस्त्यावर निघून जाते; बोटीला खाली भोक नसतं (नसलेलं बरं!), त्यामुळे ती तळात साठून राहते. म्हणून पेट्रोलच्या बोटीत इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवा, अशी सूचना स्विचजवळ लावणं इथल्या कायद्याने सक्तीचं आहे. शिवाय पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड डिझेलपेक्षा कितीतरी जास्त. आता काकांची दोन नातवंडं आणि माझी मुलगी उन्हाळ्यात केबिनमध्ये झोपतात. इंजिन त्यांच्या उशापासून चार फुटांवर, एका प्लायवूडच्या दाराआड. रात्री दोन वाजता जरा वास आल्यासारखा वाटला तरी मी उठून टॉर्च घेऊन तळ हुंगत बसायचो.

तरीही काका आधी इंजिन बदलण्याच्या विरुद्ध होते. जन्म डिझेलमध्ये गेलेला माणूस पेट्रोलची बाजू घेत होता! म्हणाले, "अरे, पेट्रोल वाईट नसतं, निगा वाईट असते. होसपाइप नवे घाल, टाकी तपास, ब्लोअर लाव. वासाला घाबरून कुणी इंजिन फेकत नाही."

दुसऱ्या कारणाने त्यांचं मत बदललं. ही इंजिनं बहुतेक ठिकाणी थेट समुद्राच्या पाण्याने थंड होतात. तेच खारं पाणी ब्लॉकच्या आतल्या पोकळ्यांतून फिरतं. आमच्या ब्लॉकने हे चाळीस वर्षांच्या वर सोसलं. त्या वर्षी तेल तपासलं तर दुधाळ कॉफीसारखं. म्हणजे तेलात पाणी. काकांनी कॉम्प्रेशन मोजलं: तीन सिलिंडर ९५ पीएसआयच्या आसपास, चौथा ६०. हेड उतरवलं, गॅस्केट बदललं, तरी पाणी येतच राहिलं. मग काका म्हणाले, "जाकीट आतून खाल्लंय. आता हा ब्लॉक म्हणजे भंगार." त्यांनी हे ज्या आवाजात सांगितलं, त्यावरून विषय संपला हे मला कळलं.

आता पर्याय तीन होते. एक, दुसरा दुरुस्त केलेला अ‍ॅटॉमिक फोर आणून त्याच जागी ठेवायचा. सगळ्यात स्वस्त, सगळं जिथल्या तिथे बसतं, पण पेट्रोल राहतं. दोन, इलेक्ट्रिक मोटर. हा मोह मला फार होता, म्हणून हिशेब मांडला. आमच्या बोटीला चार नॉटच्या वेगाला साधारण दोन किलोवॉट लागतात असं धरलं आणि १० किलोवॉट-तासांची बॅटरी ८० टक्के वापरली, तर चार तास, म्हणजे सोळा सागरी मैल. डिझेल वीस गॅलनच्या टाकीवर तासाला अर्धा गॅलन धरलं तरी चाळीस तास चालतं, आणि तेही साडेपाच नॉटने. जो माणूस रविवारी दुपारी बाहेर पडून संध्याकाळी त्याच धक्क्यावर परत येतो त्याला इलेक्ट्रिक उत्तम. आम्ही चार-चार दिवस जातो आणि रात्री नांगर टाकून राहतो, तिथे चार्जिंगचा खांब नसतो. म्हणून तिसरा पर्याय: डिझेल.

आता येतो हॉर्सपॉवरचा प्रश्न, आणि इथे सगळ्यांचा घोटाळा होतो. जुनं इंजिन ३० चं होतं, म्हणजे नवंही ३० चंच हवं ना? नाही. बोट पाण्यात तिच्या लांबीने ठरलेल्या वेगापुढे फारशी जातच नाही. पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. आमची २५ फूट, म्हणून ६.७ नॉट. त्यापुढे तुम्ही दुप्पट इंजिन घाला, बोट फक्त स्वतःची लाट चढायचा प्रयत्न करत राहील आणि डिझेल पिईल. साधा ठोकताळा असा की एका टनाला चार हॉर्सपॉवर. ८,३२० पौंड म्हणजे ३.७ लाँग टन, म्हणजे पंधरा.

मग मूळच्या लोकांनी तीसचं का घातलं? तर त्यांनी तीस वापरलेच नव्हते. अ‍ॅटॉमिक फोर बहुतेक बोटींत थेट शाफ्टला जोडलेलं असतं, मध्ये वेग कमी करणारा गियर नाही. तीस हॉर्सपॉवर मिळायला त्याला ३,५०० आरपीएमवर फिरावं लागतं, पण प्रॉपेलरच्या ओझ्याखाली ते दोन-अडीच हजारांवरच अडकतं. तिथे मिळतात साधारण पंधरा. म्हणजे पन्नास वर्षं पुस्तिकेत तीस लिहिलेलं होतं आणि बोट पंधरावर चालत होती. क्लायंटच्या सर्व्हरवर ६४ जीबी मेमरी असते आणि अ‍ॅप्लिकेशन आठच्या वर कधी जात नाही, तसलाच प्रकार.

आम्ही घेतलं बीटा २०. इंग्लंडची बीटा मरीन कंपनी कुबोटाचं इंजिन घेऊन त्याला समुद्राचा साज चढवते. तीन सिलिंडर, ७१९ सीसी, २० हॉर्सपॉवर. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत कुबोटाचे छोटे ट्रॅक्टर तुम्ही पाहिले असतील, त्याच घराण्यातलं. यानमारचाही पर्याय होता आणि तोही चांगलाच, पण बीटावाले जुन्या इंजिनाच्या बैठकीच्या मापाचे खास पाय करून देतात, हा मुद्दा आमच्यासाठी मोठा ठरला.

आणि आता खरी गंमत. जाहिरातीत या प्रकाराला 'ड्रॉप-इन रिप्लेसमेंट' म्हणतात. म्हणजे जुनं उचला, नवं ठेवा, झालं. मायग्रेशन प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगमध्ये सेल्सचा माणूसही हेच सांगतो. पण इंजिन नुसतं इंजिन नसतं, ते आठ-दहा ठिकाणी बोटीला जोडलेलं असतं, आणि सगळा खर्च त्या जोडांमध्ये आहे. आमची यादी देतो:

१) बैठक. पाय मापाचे असले तरी जुन्या बोल्टची भोकं तेलाने काळी पडून सैल झालेली. ती साफ करून इपॉक्सीने भरली आणि वर धातूच्या पट्ट्या बसवल्या. डिझेलची थरथर पेट्रोलपेक्षा जास्त, म्हणून रबरी माउंट लागतात.

२) शाफ्ट. नव्या इंजिनाला साधारण २:१ चा गियर. इंजिन ३,६०० वर, शाफ्ट १,८०० वर. वेग निम्मा म्हणजे पीळ दुप्पट. जुना शाफ्ट १५ हॉर्सपॉवर २,२०० आरपीएमवर घेत होता, म्हणजे ३६ फूट-पौंड. नव्याला ५८ सोसायचे. जुना शाफ्ट एक इंचाहून बारीक होता, तो बदलून एक इंची घातला. शाफ्ट बदलला की बेअरिंग बदलतं, पाणी अडवणारी ग्रंथी बदलते.

३) प्रॉपेलर. सावकाश फिरणारा पंखा मोठा हवा. पण किती मोठा, हे बोटीचा तळ ठरवतो. पात्याचं टोक आणि तळ यांत व्यासाच्या निदान दहा टक्के अंतर पाहिजे, नाहीतर प्रत्येक पातं तळावर थाप मारत जातं.

४) धूर. डिझेलला जास्त जाडीचा एक्झॉस्ट होस लागतो, मफलर नवा लागतो. इंजिन पाण्याच्या पातळीजवळ असेल तर पाण्याच्या नळीत उंचावर एक हवेची झडप लागते. ती नसेल तर इंजिन बंद केल्यावर सायफन होऊन समुद्र हळूहळू सिलिंडरमध्ये येतो.

५) इंधन. पेट्रोलला एक नळी पुरते. डिझेल इंजिन जास्तीचं इंधन टाकीत परत पाठवतं, म्हणून दुसरी नळी आणि टाकीला आणखी एक तोंड. शिवाय पाणी वेगळं काढणारा फिल्टर. आम्ही टाकी नवीच घेतली. उरलेलं जुनं पेट्रोल काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन दिलं.

६) वायरिंग. जुन्या पॅनेलवर अ‍ॅमीटर होता, म्हणजे चार्जिंगचा सगळा प्रवाह एका लांब वायरीतून कॉकपिटपर्यंत जाऊन परत येणार. नवा अल्टरनेटर कितीतरी मोठा, त्या वायरीने पेटच घेतला असता. ती काढून टाकली, साधा व्होल्टमीटर लावला.

७) बंद करणं. हे ऐकून माझी बायको अजून हसते. डिझेलला स्पार्क नाही, त्यामुळे नुसती किल्ली फिरवून ते बंद होत नाही. इंधन तोडायला वेगळी केबल किंवा सोलेनॉइड लागतं.

एवढं वाचून कुणाला आपल्याकडची जुनी जीप आठवली असेल. पेट्रोल परवडेना म्हणून पेट्रोल जीपला मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवून घ्यायचे. गॅरेजवाला म्हणायचा दोन दिवसांत देतो, आणि मग पंधरा दिवस रेडिएटर, क्लच, माउंटिंग यांत जायचे. काका म्हणाले, "तिथे इंजिन बंद पडलं तर उतरून धक्का मारता येतो. इथे उतरून कुठे जाणार?"

जुनं इंजिन काढताना केबिनच्या दारावर आडवं लाकूड टाकून चेन-पुली लावली. तीनशे पौंडांच्या वरचं धूड इंचाइंचाने वर आलं. ब्लॉक भंगारात गेला, पण कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, हेड, स्टार्टर हे सगळं अ‍ॅटॉमिक फोर अजून चालवणाऱ्या एका गृहस्थाने आनंदाने नेलं. तेव्हा जुनं इंजिन सरसकट फेकू नका, कुणाच्या तरी बोटीचा उन्हाळा त्यात अडकलेला असतो.

सगळ्यात नाजूक काम शेवटी येतं: अलाइनमेंट. गिअरबॉक्सची तबकडी आणि शाफ्टची तबकडी एकमेकींसमोर अगदी समांतर आली पाहिजेत. नियम असा की तबकडीच्या व्यासाच्या दर इंचाला फार तर एक हजारांश इंचाचा फरक. चार इंची तबकडी असेल तर चार हजारांश, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. आणि हे जमिनीवर करून उपयोग नाही, कारण टेकूंवर उभ्या बोटीचा आकार पाण्यातल्यापेक्षा किंचित वेगळा असतो. जमिनीवर अंदाजे जुळवायचं, बोट पाण्यात सोडायची, काही दिवस तिला 'बसू' द्यायचं आणि मग पुन्हा मोजायचं. आम्ही आठवडाभर थांबलो. मला सुट्टी संपायच्या आत चालवून बघायची होती. काका म्हणाले, "घाई केलीस तर शाफ्ट वर्षभर शिव्या घालेल तुला." मग एका शनिवारी हा ७१ वर्षांचा माणूस इंजिनाच्या खोलीत पोटावर पडून फीलर गेज सरकवत होता आणि मी वरून माउंटचे नट पाव-पाव फेरा फिरवत होतो. साडेतीन तास. शेवटी तीन हजारांश. ते उठले, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता चहा."

परीक्षा अशी करतात: मोकळ्या पाण्यात गियर टाकून थ्रॉटल पूर्ण उघडायचा. इंजिन आपल्या ठरलेल्या कमाल आरपीएमला पोचलं पाहिजे. नाही पोचलं आणि मागून काळा धूर आला, तर पंखा जड आहे. फार सहज पोचलं आणि बोट मात्र रेंगाळली, तर हलका आहे. आमचा जवळपास बरोबर निघाला.

एक बदल मात्र यादीत कुठेच लिहिलेला नसतो. अ‍ॅटॉमिक फोरचा पंखा डावीकडे फिरणारा, नव्याचा उजवीकडे. त्यामुळे रिव्हर्स टाकला की पूर्वी बोटीचा मागचा भाग उजवीकडे सरकायचा, आता डावीकडे सरकतो. काकांनी बारा वर्षं त्या उजवीकडच्या ओढीचा फायदा घेऊन बोट धक्क्याला लावली होती. हाताला बसलेली सवय एका दिवसात उलटी झाली. दोन शनिवार आम्ही मोकळ्या पाण्यात एका बोयाला धक्का समजून नुसता रिव्हर्सचा सराव केला. नवी सिस्टीम लाइव्ह करण्याआधी युजर ट्रेनिंग लागतं म्हणतात ते हेच.

आता हिशेब. इंजिन अकरा हजार. वरच्या यादीतल्या सगळ्या गोष्टी, क्रेन आणि यार्डाचं भाडं मिळून आणखी सहा. मजुरी शून्य, कारण आमचे चौदा वीकएंड. एका यार्डने हेच काम चोवीस हजारांना सांगितलं होतं. बोट उद्या विकली तर यातले निम्मेही परत येणार नाहीत. म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: विकायच्या विचाराने इंजिन बदलणारा वेडा. दोन वर्षं वापरून सोडणाराही वेडा. त्याने आधीच डिझेल बसवलेली बोट शोधावी, पहिल्या मालकाने सोसलेला खर्च त्याला फुकट मिळतो. पण बोटीचा सांगाडा धड असेल, तळ आणि डेक ठणठणीत असेल आणि दहा वर्षं ती ठेवायची असेल, तर वर्षाला सतराशे डॉलर पडतात. इथे लोक त्याहून जास्त केबल आणि फोनवर घालवतात.

हा दहा वर्षांचा हिशेब मी एक्सेलमध्ये करून काकांना दाखवला होता. दाखवताना मला जरा संकोचच वाटत होता. ७१ वर्षांच्या माणसाला दहा वर्षांची परतफेड काय सांगायची? मी म्हटलं, "काका, तुमचा हिस्सा मी जास्त घेतो, तुम्ही थोडाच द्या." त्यांनी कागद बघितला, घडी केली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "दहा वर्षांचं तू बघ रे. मला या उन्हाळ्यात पोरं निवांत झोपलेली बघायची आहेत." आणि बरोबर निम्म्या रकमेचा चेक लिहिला.

पोरं निवांत झोपतात. मीही. टॉर्च आता ड्रॉवरमध्ये असतो.

जाता जाता, जुनी बोट बघायला जाणाऱ्यांसाठी चार प्रश्न. इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड होतं की गोड्या? तेलाचा रंग कसा आहे? कॉम्प्रेशन शेवटचं कधी मोजलं? आणि मालकाच्या समोर, थंड असताना, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का? तुम्ही पोचायच्या आधीच ते गरम करून ठेवलं असेल, तर चहा घ्या, नमस्कार करा आणि घरी या.

काही विचारायचं असेल तर जरूर लिहा. इंजिनाच्या प्रश्नांची उत्तरं काका देतील, मी फक्त टाइप करीन :-)